काळ्या पट्टीखालचं बालपण

29 सप्टेंबर 1939, शुक्रवार. युद्ध जाहीर होऊन चार आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समधल्या घराघरातल्या माणसांची नोंद झाली: नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, कामधंदा काय. सुमारे 65 हजार प्रगणक दारोदार फिरले आणि चार कोटींच्या आसपास माणसं त्या वह्यांत उतरली. त्यावरून ओळखपत्रं वाटली गेली, पुढे रेशनची पुस्तकंही निघाली. हे 1939 चं रजिस्टर आज संगणकावर पाहता येतं.

एखाद्या खेड्याचं पान उघडावं. वडिलांचं नाव दिसतं, पुढे लिहिलेलं असतं ‘शेतमजूर’. आईचं नाव दिसतं, पुढे ‘विनावेतन घरकाम’. त्याखाली एक काळी पट्टी. मग दुसरी, तिसरी. नियम असा आहे की जन्माला शंभर वर्षं पूर्ण झालेली नसतील आणि ती व्यक्ती वारल्याची नोंदही नसेल, तर ती ओळ झाकायची. म्हणून आज त्या पानांवर ज्या ओळी झाकलेल्या आहेत, त्यातली बहुतेक तेव्हाची लहान मुलं आहेत.

इंग्लंडमधल्या गावांचा इतिहास समजून घ्यायचा, तर मी कुणालाही या पट्टीपासून सुरुवात करायला सांगेन. म्हाताऱ्या माणसांच्या बालपणीच्या आठवणी इथे इतक्या तळमळीने का गोळा केल्या जातात, ते ही पट्टी पाहिली की लगेच समजतं.

एरवी इंग्लंड हा कागद जपणारा देश. आपल्याकडे घराण्याची वंशावळ शोधायची तर माणूस त्र्यंबकेश्वरला जातो आणि आपल्या उपाध्यांची वही उघडायला सांगतो. इंग्लंडमध्ये ही वही गावाची असते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला टापू, बहुतेक ठिकाणी एखादं गाव आणि भोवतालच्या वाड्या. 1538 साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची. सगळ्या नोंदी टिकल्या नाहीत, पण पुष्कळ टिकल्या. 1 जुलै 1837 पासून जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद सरकारकडे होऊ लागली. जनगणना 1801 पासून दर दहा वर्षांनी, आणि 1841 पासून त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव. ही नावं शंभर वर्षं बंद ठेवतात, मग सगळ्यांसाठी उघडतात. 1921 ची जनगणना 2022 च्या जानेवारीत उघडली.

आता त्याच्या पुढची पायरी चढू गेलं, तर पायाखाली काही नाही. 1931 च्या जनगणनेचे इंग्लंड आणि वेल्सचे मूळ कागद डिसेंबर 1942 मध्ये लंडनच्या पश्चिमेला हेझ इथल्या गोदामात जळून गेले. बॉम्ब पडला नव्हता, गोदामाला साधी आग लागली होती. 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. 1951 ची 2052 पर्यंत उघडणार नाही. म्हणजे 1921 नंतरच्या तीस वर्षांत घरोघरच्या माणसांची नावं सांगणारा एकच मोठा कागद उरतो, तो 1939 चा. आणि त्यात मुलांवर काळी पट्टी.

कागदाला पडलेलं हे भोक बुजवू शकतील अशी माणसं आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत.

ती काय सांगू शकतात, हे नीट कळायला एक खरी जागा घेऊ. लंडनच्या आग्नेयेला केंट परगणा आहे. तिथून रेल्वेने जाताना शेतांच्या कडेला गोल, विटांच्या इमारती दिसतात. वर शंकूसारखं निमुळतं छप्पर आणि टोकाला पांढरी, तिरकी लाकडी टोपी. त्यांना ओस्ट हाउस म्हणतात. आज त्यातल्या कित्येकांत माणसं राहतात, पण त्या बांधल्या होत्या हॉप वाळवायच्या भट्ट्या म्हणून.

हॉप ही वेल आहे. तिला फिकट हिरवी, खवल्याखवल्यांची शंकूसारखी फुलं येतात, आणि ती बियरमध्ये कडवटपणासाठी घालतात. तिच्यामुळे बियर टिकतेही. जहाजाने कित्येक महिन्यांचा प्रवास करून मुंबई-कलकत्त्याला जाणाऱ्या पिंपांत हॉप सढळ हाताने घातलेला असायचा, तो याच कारणासाठी. 1878 साली इंग्लंडमध्ये सुमारे 72 हजार एकर जमीन हॉपखाली होती, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा केंटचा.

या पिकाची अडचण एकच. वर्षभर थोड्या गड्यांवर भागतं, आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हे काही आठवडे शेकडो हात एकदम लागतात. गावातल्या बायका आणि मुलं पुरत नसत. मग तीन वाटांनी माणसं येत. गावची, देशभर गाड्यांतून फिरणारी रोमानी कुटुंबं, आणि पूर्व लंडनच्या दाट वस्तीतून हजारोंनी येणाऱ्या बायका-मुलं-आज्या. त्यांच्यासाठी लंडन ब्रिज स्टेशनवरून खास गाड्या सुटायच्या. वडील कामावर, ते शनिवार-रविवारी यायचे.

लंडनच्या मुलांच्या आठवणी पत्र येण्यापासून सुरू होतात. शेतमालकाकडून ‘अमुक तारखेला या’ असं पत्र आलं की घरात आनंद. ट्रंक आधीच थोडी थोडी भरलेली असायची. शेतावर पोचलं की खोप्यांची लांबच लांब रांग. विटांच्या नाहीतर पत्र्याच्या, चुना फासलेल्या, एका कुटुंबाला एक खोली. गादीच्या खोळीत पेंढा भरायचा. काही बाया घरून वॉलपेपरचा तुकडा आणून भिंतीला लावायच्या. पाणी लांबच्या नळावरून, स्वयंपाक बाहेर सरपणावर.

सकाळी धुक्यात बागेत जायचं. तारांवर आणि दोऱ्यांवर पुरुषभर काय, दोन-तीन पुरुष उंच चढलेले वेल. एक गडी लांब काठीच्या आकड्याने वेल खाली ओढतो, ती दंवाचं पाणी उडवत अंगावर येते. लाकडी चौकटीला गोणपाट झोळीसारखं टांगलेलं असतं, त्याला ‘बिन’ म्हणतात. कडेला बसून फुलं खुडायची आणि झोळीत टाकायची, पान जाऊ द्यायचं नाही. वेलीच्या देठाला बारीक काटेरी केस असतात, हातावर ओरखडे उठतात. बोटं काळी होतात आणि साबणाने निघत नाहीत. त्याच हातांनी भाकरतुकडा खाल्ला की तोंड कडू. ही कडू चव पुन्हापुन्हा ऐकायला मिळते, आणि ती कुठल्याही सरकारी कागदात नाही.

लहानांना बिनपर्यंत हात पुरत नसे. मग छत्री उलटी उघडून जमिनीवर ठेवायची. एवढी छत्री भरली की खेळायला जा, हा करार. आईच्या कष्टांचा हिशेब वेगळा होता. दिवसातून काही वेळा मापारी टोपली घेऊन यायचा. माप बुशेलचं, म्हणजे साधारण 36 लिटर. ‘एका शिलिंगला किती बुशेल’ हा भाव हंगामाच्या सुरुवातीला ठरायचा, आणि त्यावरून वाद झाले, संपही झाले. हॉप हलका असतो. मापाऱ्याने हात दाबून टोपली भरली, तर त्याच पैशांत जास्त माल जातो. म्हणून तो यायच्या आधी बाया झोळीतला माल हातांनी उपसून फुलवून ठेवत. मोजणी आधी लाकडी काठीवरच्या खाचांनी, मग धातूच्या बिल्ल्यांनी, पुढे वहीत.

(शिलिंगचा हिशेब आपल्या जुन्या पिढीला पटकन कळेल. आपल्याकडे बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता, तसा तिकडे बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड. आपण 1957 साली दशमान पद्धतीवर आलो, ते 15 फेब्रुवारी 1971 ला.)

आता रजिस्टरातल्या त्या आईकडे पुन्हा पाहा. सप्टेंबरभर ती शिलिंग कमावत होती, त्या पैशांतून पोरांचे हिवाळ्याचे बूट यायचे. कागदावर ती ‘विनावेतन घरकाम’. कागद खोटा नाही, त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. पण मुलाची आठवण आणि रजिस्टर यांत एकाला झुकतं माप द्यायची वेळ आली, तर या बाबतीत मी मुलाला देईन.

शाळेच्या लॉगबुकचंही असंच आहे. 1862 च्या नियमांपासून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना रोजनिशी ठेवावी लागे. त्याच नियमांनी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर बांधलं होतं. मूल गैरहजर म्हणजे शाळेचे पैसे बुडाले. त्यामुळे खेड्यातल्या रोजनिशा गैरहजेरीच्या तक्रारींनी भरलेल्या असतात: गोवर, बर्फ, पाखरं हाकायला गेलेली पोरं, डुकरांसाठी ओकची फळं वेचायला गेलेली पोरं, आणि केंटमध्ये हॉप. अखेर केंटच्या शाळांनी मोठी सुट्टीच हॉपच्या हंगामाला जोडून घेतली. लंडनच्या शाळांना ते शक्य नव्हतं. तिथे सप्टेंबरात बाकं रिकामी राहायची.

लॉगबुक वाचणाऱ्याला वाटेल की आईबापांना शिक्षणाची किंमत नव्हती. आठवण ऐकणाऱ्याला वाटेल की ती वर्षातली सगळ्यात सुंदर सहल होती. मुख्याध्यापक अनुदानाच्या काळजीत लिहीत होते, मूल उलट्या छत्रीशेजारी बसून पाहत होतं. दोन्ही समोर ठेवल्याशिवाय तो सप्टेंबर दिसत नाही.

आणि मूल कुठलं, यावरही सगळं बदलतं. गावातल्या मुलांना आठवतं ते लंडनवाल्यांचं येणं. दुकानदार काउंटरवर जाळी ठोकायचे, पबमध्ये ग्लासासाठी अनामत घ्यायचे, काही ठिकाणी ‘हॉपवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटीच. लंडनच्या मुलाला ती जाळी फारशी आठवत नाही, किंवा तो हसून सांगतो. गावच्या मुलीला ती आठवते, कारण वर्षभर जाळी नसायची. रोमानी मुलांना तर दोन्हीकडची वागणूक आठवते. त्यांची खोपी नव्हती, स्वतःची गाडी होती, आणि हॉपचा हंगाम म्हणजे दूरदूरचे नातेवाईक एका रानात भेटण्याचे दिवस. 1960 च्या कायद्याने गाड्या उभ्या करण्यावर बंधनं आली आणि त्यांच्या कित्येक जुन्या जागा गेल्या.

20 ऑक्टोबर 1853 ला केंटमधल्या हॅडलो गावाजवळ काम संपवून परतणाऱ्या हॉपवाल्यांची गाडी हार्टलेक पुलावर आली. मेडवे नदी पुराने फुगलेली. घोडा अडखळला, लाकडी कठडा तुटला आणि गाडी नदीत गेली. 30 जण बुडाले, त्यांत रोमानी आणि आयरिश कुटुंबं होती. हॅडलोच्या चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे, ओस्ट हाउसच्या आकाराचं. पण रोमानी घरांमध्ये या घटनेचं गाणं होतं, ते तोंडातोंडी टिकलं आणि शंभराहून जास्त वर्षांनी ध्वनिमुद्रित झालं. आठवण म्हणजे एका माणसाच्या डोक्यातली भुरभुरी गोष्ट, असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पण आठवण चुकतेही, आणि ती कशी तपासायची हे शिकता येतं. इंग्लंडमध्ये हे काम आता चांगलं रुळलं आहे. मौखिक इतिहासाची तिथली संस्था 1973 पासून आहे, आणि कित्येक गावांत निवृत्त मंडळी टेपरेकॉर्डर, आता मोबाइल, घेऊन बसतात.

पहिली गोष्ट तारखेची. ‘कोणत्या साली?’ असं विचारून उपयोग नाही. पुण्यात म्हाताऱ्यांना ‘पानशेतच्या आधी की नंतर?’ विचारतात, तसंच इथेही खुंटा लागतो. गोळ्या-चॉकलेटं तेव्हा रेशनवर होती का? त्यांचं रेशन 5 फेब्रुवारी 1953 ला संपलं, आणि तो दिवस त्या पिढीच्या मुलांना पक्का आठवतो. बर्फाच्या आठवणीला हे फार लागतं. ‘आमच्या लहानपणी केवढा बर्फ पडायचा!’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दोन हिवाळे मिसळलेले असतात. एक 1947 चा, जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत. दुसरा 1962-63 चा, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेला. कोळसा नव्हता, वीज जात होती, पावही रेशनवर होता? मग 1947. घरात टीव्ही होता? मग बहुधा दुसरा.

दुसरी गोष्ट, मुलाला काय दिसलं असेल याची. समजा कुणी सांगितलं, ‘पायांना उंच काठ्या बांधून माणसं बागेत चालायची, मला ती राक्षसासारखी वाटायची.’ हे खरं आहे. वेलींसाठी तारांना दोऱ्या बांधायला गडी अशा काठ्यांवर चढत. पण ते काम वसंत ऋतूतलं, आणि लंडनची मुलं यायची सप्टेंबरात. म्हणजे ही आठवण गावात राहणाऱ्या मुलाची, किंवा लंडनच्या मुलाने गावातल्या मित्राकडून ऐकून आपलीशी केलेली. असं काही सापडलं की खोटेपणा पकडल्याच्या सुरात बोलू नये. ऐकलेलं आपलं होऊन जाणं हाही त्या दोन मुलांच्या मैत्रीचा पुरावा आहे.

युद्धाचे दिवसही असेच सोडवावे लागतात. सप्टेंबर 1939 च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे 15 लाख माणसं शहरांतून खेड्यांत हलवली गेली, त्यांत शाळकरी मुलं सगळ्यात जास्त. कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस-मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. लंडनची पुष्कळ मुलं तेव्हा केंटमध्येच आली. पण 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, केंट आघाडीवर आलं आणि त्यांना तिथून वेल्सकडे नि पश्चिमेकडे पाठवलं. त्यामुळे ‘सगळं युद्ध मी केंटच्या गावात काढलं’ असं कुणी म्हटलं, तर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. हॉपची खुडणी मात्र त्याही सप्टेंबरात चालू होती. बागांत खंदक खणलेले, वर विमानांची झुंज, आणि मुलं ती मान वर करून खेळ पाहावा तशी पाहत होती. भीती वाटली नाही, असं सांगणारे खूप आहेत. मला वाटतं, भीती आयांच्या वाट्याला आली, आणि त्यांना विचारायचं राहून गेलं.

तिसरी गोष्ट पत्त्याची. ब्रॉम्ली किंवा बेक्स्लीचा म्हातारा ‘मी केंटचा’ म्हणतो आणि नकाशा लंडन दाखवतो. दोघेही बरोबर आहेत, ही गावं 1 एप्रिल 1965 ला बृहत् लंडनमध्ये गेली. रटलंड हा चिमुकला परगणा तर 1974 ला नकाशावरून गेला आणि 1997 ला परत आला. कागद कोणत्या दप्तरखान्यात शोधायचा, हे या तारखांवर ठरतं.

गावाच्या नावालाही विचारावं. केंटच्या जंगलपट्टीत पुष्कळ नावांच्या शेवटी ‘डेन’ येतं, म्हणजे रानातलं डुकरांचं कुरण. टेंटरडेन म्हणजे थॅनेटच्या लोकांचं कुरण. थॅनेट तिथून पन्नासेक किलोमीटर दूर, समुद्राकाठी. हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं शरद ऋतूत डुकरं हाकत इथवर आणायची, ओकची फळं खायला घालायला. आणि लॉगबुकातली ती पोरं, शाळा बुडवून तीच फळं वेचणारी!

प्रश्न बारीक असावेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ विचारलं की उत्तर येतं ‘छान’. सप्टेंबरात रोज ऊन असायचं, असंही येतं. हवामानाच्या नोंदी तसं म्हणत नाहीत, आणि चिखलाचं विचारलं की तोच माणूस चिखलाचं अर्धा तास सांगतो. पाणी कुणी भरायचं? रात्री लघवीला कुठे जायचात? दिवा कसला? शेजारच्या खोपीतलं बोलणं ऐकू यायचं का? अशा प्रश्नांनी माणूस आठवायला लागतो.

1950 आणि 60 च्या दशकांत हॉप खुडायची यंत्रं सगळीकडे आली. वेल तोडून शेडमध्ये न्यायची आणि यंत्रात टांगायची, एवढंच काम उरलं. घरी येणारं पत्र यायचं थांबलं. खोप्या पडल्या, काहींत जनावरांचा चारा भरला, पुष्कळ पाडल्या.

पण ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे तिथल्या सरकारी नकाशे काढणाऱ्या संस्थेच्या, मोठ्या प्रमाणावरच्या जुन्या नकाशांत, मैलाला 25 इंच या मापाच्या, शेतघरापासून थोडं दूर कधीकधी एक लांबट, अरुंद चौकोन दिसतो. त्यावर नाव नसतं. असा नकाशा टेबलावर पसरून समोरच्या आजींचा चष्मा पुसून द्यावा आणि थोडं थांबावं. त्या आधी ओढा शोधतात, मग रस्त्याचं वळण, मग बोट त्या चौकोनावर येऊन थांबतं. ‘ही आमची. डावीकडून तिसरी. पलीकडे मावशी होती, आणि नळ इथे होता.’ तो नळ नकाशात नसतो. पेन्सिलीने तिथे बारीक खूण करायची, तारीख घालायची, आणि विचारायचं, पाणी आणायला पाठवायचं कुणाला?